स्लाऊ टाउनचा पाठीराखा व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याहून इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. टीव्हीवर आर्सेनल बघत मोठे झालात, पण त्यांच्या एमिरेट्स मैदानाचं तिकीट सहजी मिळत नाही आणि मिळालं तरी घरातल्या तिघांचा खर्च डोळे पांढरे करतो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आर्बर पार्क आहे, तिथे स्लाऊ टाउन हा लहानसा फुटबॉल क्लब खेळतो. दोनदा जाऊन आलात, मजा आली. ऑफिसातले हसतात, म्हणतात हा क्लब जन्मात काही जिंकणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला मँचेस्टर सिटी हा बडा क्लब हवा आहे. आणि शेवटच्या ओळीत, जरा चाचरत, तुम्ही विचारलंय की तिथे उभी असलेली मंडळी स्वतःला आजन्म पाठीराखे म्हणवतात, मी तर व्हिसावर आलेला माणूस. मला ते होता येईल का, आणि तीन वर्षांनी परत जावं लागलं तर त्या सगळ्याला काय अर्थ?

माझ्या मते तिकीट, ऑफिस, सिटी हे सगळं निमित्त आहे. खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: आपण इथले नाही, मग हा क्लब 'आपला' म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे का? त्याचंच उत्तर देतो, बाकीचं त्याच्या ओघात येईल.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथल्या शाहू स्टेडियमवर, फुटबॉल बघत लहानपण गेलं. तिथे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. संघ तालमींचे. पाटाकडील की खंडोबा, शिवाजी तरुण की दिलबहार, हे तुम्ही ठरवत नाही. ज्या पेठेत जन्मलात, ज्या तालमीच्या कट्ट्यावर वडील बसले, ती तुमची. आयुष्यभर. पेठ सोडून उपनगरात बंगला बांधला तरी सामन्याच्या दिवशी माणूस बरोबर जुन्या घोळक्यात सापडतो. त्यामुळे नव्वदीच्या दशकात स्लाऊला आलो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं की असली निष्ठा जन्मानं मिळते, मागाहून लावून घेता येत नाही. इथे इतकी वर्षं क्लबच्या फाटकावर उभं राहून मत बदललं. या स्तरावर तुमचं गाव, रंग, पासपोर्ट कुणी विचारत नाही. पुढच्या मंगळवारी, पावसात, दिसलात का, एवढंच बघतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शनिवारी दुपारी तीनला मुलीचा पोहण्याचा क्लास, मराठी शाळा किंवा मंडळाचा कार्यक्रम असेल तर दर आठवड्याला जमणार नाही. कामाच्या शिफ्ट असतील तर मंगळवारच्या रात्रीचे सामने हुकतील. घरच्यांना फुटबॉलचं अजिबात वेड नसेल तर हिवाळ्यातले चार महिने तुमच्या या छंदाकडे संशयानं बघितलं जाईल, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. हंगामातल्या घरच्या सामन्यांपैकी निम्म्याला गेलात तरी खूप झालं. इथे हजेरीपत्रक नसतं, फक्त चेहरे लक्षात राहतात.

आता 'काही जिंकणार नाही' या मुद्द्याकडे. इंग्लंडच्या फुटबॉलची उतरंड अशी आहे: वर प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली ईएफएलच्या, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगच्या, तीन विभागांत ७२, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२. त्याखालचं सगळं नॉन-लीग. पाचवी पायरी नॅशनल लीग, सहावी नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ. सातवीवर सदर्न, इस्थमियन, नॉर्दर्न प्रीमियर अशा जुन्या लीगांचे वरचे विभाग, आणि मग आठवी, नववी करत उतरत पार गावच्या बागेतल्या मैदानापर्यंत. स्लाऊ टाउन २०१८ मध्ये सातवीवरून सहावीवर चढला, तोही किंग्ज लिन क्लबच्या घरी जाऊन बढतीच्या प्लेऑफची फायनल २-१ नं जिंकून. हे जिंकणं नव्हे तर काय? तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी ते बघितलं नाही, इतकंच.

आणि वरचा दरवाजा फार काळ उघडाही नव्हता. १९८६-८७ च्या हंगामापर्यंत नॉन-लीगचा विजेता आपोआप वर जात नसे. वरच्या क्लबांनी मतदान करून आत घ्यायचं ठरवलं तरच, आणि आपल्यातल्याच एकाला बाहेर काढायला हात कोण वर करणार? १९८७ मध्ये स्कारबरो हा पहिला क्लब आपोआप चढला. दुसरी जागा मिळायला २००३ उजाडलं. आजही पाचव्या पायरीवरून दोघेच वर जातात. त्यामुळे सहाव्या पायरीवरच्या क्लबला 'प्रीमियर लीगमध्ये कधी जाणार' असं विचारणं म्हणजे शाहू स्टेडियमवर जाऊन पाटाकडीलला 'वर्ल्ड कपचं काय ठरलं' असं विचारण्यासारखं आहे. जिंकण्याची मापं इथे वेगळी आहेत. एफए कप ही लहानमोठ्या क्लबांची एकत्र बाद फेऱ्यांची स्पर्धा; तिच्या पात्रता फेऱ्यांतून पहिल्या मुख्य फेरीपर्यंत पोहोचणं, हे एक माप. त्यात बक्षिसाचे पैसे मिळतात आणि लहान क्लबला ते खरोखर उपयोगी पडतात. स्लाऊ २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ दोन हंगाम दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. पहिल्या वेळी रॉचडेलनं ४-० नं धुतलं, तो सामना टीव्हीवर थेट दाखवला होता. पुढच्या वर्षी गिलिंगहॅमकडून १-० नं हरलो. दोन्ही सामने आर्बर पार्कवर, माणसं कुंपणाला चिकटून.

पण सगळ्यात मोठं माप वेगळंच आहे, आणि इथे जरा थांबतो, कारण हे कळल्याशिवाय लहान क्लबचा पाठीराखा काय असतो ते कळत नाही. ते माप म्हणजे क्लबला स्वतःच्या गावात मैदान असणं.

स्लाऊ टाउन १८९० चा. १९७३ मध्ये एफए अमॅच्युअर कपच्या फायनलपर्यंत गेलेला, इस्थमियन लीग १९८१ आणि १९९० मध्ये जिंकून दुसऱ्या वेळी कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आजच्या नॅशनल लीगमध्ये, चढलेला. वेक्सम पार्क हे तेव्हाचं मैदान. १९९७-९८ च्या हंगामात संघ आठवा आला आणि तरीही खाली ढकलला गेला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. प्रत्येक पायरीसाठी मैदानाच्या अटी असतात: बसायच्या जागा किती, आडोसा किती, दिव्यांचा उजेड किती. त्या अटी पूर्ण करण्यावर खर्च झाला नाही, म्हणून उतरावं लागलं. विचार करा, अकरा पोरं वर्षभर धावून आठवा नंबर आणतात आणि हिशेब होतो खुर्च्यांचा.

मग २००३. वेक्सम पार्क सुटलं. पुढचे चार हंगाम आम्ही विंडसरच्या स्टॅग मेडोवर भाड्यानं, त्यानंतर २०१६ पर्यंत बीकन्सफील्डच्या होलोवेज पार्कवर. एकूण तेरा वर्षं. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, पांडवांचा हिशेब बरोबर जुळला. 'घरचा' सामना म्हणून गाडी काढून दुसऱ्या गावात जायचं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला दुसऱ्याच्या गाडीत जागा शोधायची. पोरं आपसूक यायची बंद झाली, कारण शाळेतून चालत येता येईल असं मैदानच गावात उरलं नव्हतं. प्रेक्षक रोडावले. लहान क्लब मरतो तो असा. पराभवानं मरत नाही, लोकांच्या सवयीतून निघून जातो.

तरी क्लब मेला नाही. त्याच वनवासात, २००४ मध्ये, एफए कपच्या पहिल्या फेरीत आम्ही वरच्या चार पायऱ्यांतल्या वॉल्सॉलला २-१ नं हरवलं. पण क्लब जगला त्याचं श्रेय मी त्या विजयाला देत नाही. जगला तो दर पंधरा दिवसांनी बीकन्सफील्डला गाडी हाकणाऱ्या काही शे माणसांमुळे, आणि नगरपालिकेच्या मागे वर्षानुवर्षं लागून राहिलेल्या काही चिवट लोकांमुळे. पत्रं, सभा, आराखडे, पुन्हा सभा. निवडणुका येत, नगरसेवक बदलत, ही माणसं तीच राहत. २०१६ मध्ये आर्बर पार्क उभं राहिलं ते नगरपालिकेच्या मालकीचं, कृत्रिम गवताचं, आठवडाभर गावातली मुलं त्यावर खेळू शकतील असं. कृत्रिम गवतावर नाकं मुरडणारे भेटतील. बॉल जरा उंच उडतो, खरं आहे. पण खऱ्या गवताचं मैदान जानेवारीत चिखलानं बंद पडतं आणि भाड्यानं देऊन पैसे मिळवता येत नाहीत. एवढंच की हे गवत पाचव्या पायरीपर्यंतच चालतं. सटन युनायटेड २०२१ मध्ये ईएफएलमध्ये चढला तेव्हा त्यांना कृत्रिम मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. आमच्यावर ती वेळ आली तर आनंदानं फावडं घेऊन जाईन.

हे फक्त स्लाऊचं नाही. भारताचा फुटबॉलपटू बायचुंग भूतिया १९९९ मध्ये ज्या बरी क्लबसाठी खेळायला आला, तो बरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या गोंधळापायी ईएफएलमधून काढून टाकला गेला. भारतातल्या कितीतरी घरांत भूतियामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकलं गेलं होतं. त्यांच्या पाठीराख्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली आणि आता ते गिग लेन या आपल्या जुन्या मैदानावर नॉन-लीगमध्ये खेळतात. विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं तर प्रसिद्धच आहे: २००२ मध्ये क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या गावी हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले, नवव्या पायरीपासून एएफसी विम्बल्डन उभा केला आणि नऊ वर्षांत, २०११ मध्ये, वरच्या चार पायऱ्यांत नेला. दक्षिण लंडनच्या डलिच हॅम्लेटला २०१८ मध्ये स्वतःच्याच चॅम्पियन हिलवरून बाहेर काढलं; लोकांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते परत आले. या तिन्ही ठिकाणी क्लब कुणी वाचवला ते बघा. मालकांनी नाही, खेळाडूंनीही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: आर्सेनलला तुमची गरज नाही, स्लाऊ टाउनला आहे. यात आर्सेनलचा अपमान नाही. तिथे तुम्ही गेला नाहीत तर ती खुर्ची पाच मिनिटांत दुसरा घेतो. इथे तुम्ही गेला नाहीत तर फाटकावरचा आकडा एकानं कमी होतो आणि तो आकडा मोजणारा माणूस ते बघत असतो. बऱ्याचदा तो माणूस मीच असतो. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास ध्वनिक्षेपकावर 'आजची उपस्थिती' जाहीर होते, तेव्हा मोठ्या स्टेडियमवर कुणी कान देत नाही. इथे लोक आपसांत पैजा लावतात: सहाशे ऐंशी, नाही सातशे वीस. आकडा आला की एक जण ओरडतो, 'माझ्या सासऱ्याला धरलं का त्यात?'

कामाचं म्हणाल तर पाठीराखा होण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. क्लबचा बराच गाडा बिनपगारी लोक ओढतात. फाटक, कार्यक्रमपत्रिका, चहाची खिडकी, पंचांच्या खोलीत सँडविच पोचवणं, सामना संपल्यावर ग्लास गोळा करणं. मला सुरुवातीला मिळालं ते 'गोल्डन गोल'ची तिकिटं विकण्याचं काम. बोटभर लांबीचा, दुमडून कडा चिकटवलेला कागद असतो. कडा फाडली की आत एक मिनिट छापलेलं: ३७, ६२, असं काहीतरी. सामन्यातला पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस तुमचं. ऐंशीव्या मिनिटापर्यंत गोलच झाला नाही की खिशात ८९ घेऊन फिरणारा म्हातारा एकदम आक्रमक खेळाच्या विरोधात जातो. मी भाषेला कच्चा, चेहऱ्यानं परका, पण हातात तिकिटांचा गठ्ठा असला की प्रत्येकाशी बोलायचं कारण आपोआप मिळतं. दोन महिन्यांत मला निम्मं मैदान नावानं हाक मारत होतं. नावाचा उच्चार प्रत्येकाचा वेगळा, पण हाक मारत होतं. तुम्ही आयटीत आहात म्हणता. मग तर क्लबचे लोक तुम्हाला सोडणारच नाहीत: संकेतस्थळ, तिकिटांची यंत्रणा, कुणाचा तरी बंद पडलेला लॅपटॉप, काहीतरी निघतंच. महिन्यातला एक शनिवार देतो म्हणा. जास्त कबूल करू नका, पण जेवढं कबूल कराल तेवढं पाळा. उत्साहानं येऊन तिसऱ्या आठवड्याला गायब होणारे खूप बघितलेत.

खेळाडूंच्या प्रेमात मात्र जपून पडा. या स्तरावर बहुतेक जण अर्धवेळ खेळतात. दिवसा वायरमन, शिक्षक, व्हॅनचालक. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. ज्यांच्याशी करार नसतो त्यांना दुसरा क्लब सात दिवसांची रीतसर सूचना देऊन बोलणी करू शकतो. मोठ्या क्लबांकडून महिन्याभरासाठी उसनी आलेली पोरं असतात, ती नाव पाठ होईपर्यंत परत जातात. मुलीला पाठीवर नाव छापलेला शर्ट घेऊन देणार असाल तर तिचंच नाव छापा. टिकून राहतात ते व्यवस्थापक, तेही नशीब असेल तर. आमच्याकडे नील बेकर आणि जॉन अंडरवुड ही जोडगोळी २०१३ पासून दहा वर्षं टिकली. फुटबॉलमध्ये एका खुर्चीत दोघं, आणि इतकी वर्षं, हे फार क्वचित घडतं.

आर्सेनल सोडावा लागेल का? अजिबात नाही. इथे निम्म्या लोकांचा वर कुठेतरी एक मोठा क्लब असतोच. शिवाय वेळाही आड येत नाहीत. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये टीव्हीवर फुटबॉलचे सामने थेट दाखवता येत नाहीत. साठच्या दशकापासूनचा नियम आहे, आणि तो मुळात आला तो लोकांनी घरी बसून मोठे सामने बघितले तर लहान मैदानं ओस पडतील या भीतीपोटी. तुमच्या मोबाइलवर परदेशी प्रक्षेपण कुठून मिळतं ते मला माहीत आहे, तरी सांगतो, तीन वाजता बाहेर पडा. मला राग येतो तो वेगळ्या जमातीचा: आंतरराष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात 'नॉन-लीग डे' असतो, त्या दिवशी येऊन 'पाय'चा (मैदानावर मिळणाऱ्या सारण भरलेल्या पेस्ट्रीचा) फोटो काढायचा, 'किती गोड क्लब आहे' म्हणायचं आणि वर्षभर फिरकायचं नाही. तो दिवस २०१० पासून चालू आहे, कल्पना उत्तम आहे, गर्दीही होते. पण आम्ही प्राणिसंग्रहालय नाही.

मुलीबद्दल. सिटी तिच्यापासून हिसकावून घेऊ नका, ते उलटं पडतं. तिला इथे असं काहीतरी द्या जे टीव्हीवर मिळत नाही. कुंपणाला टेकून उभी राहिली की बाजूनं पळणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू येतो, तो गोलरक्षकाला काय ओरडतो ते ऐकू येतं (हे कधीकधी मुलांच्या कानांसाठी नसतं, तयारी ठेवा). पाहुण्या पाठीराख्यांना वेगळं बसवलेलं नसेल तर मध्यंतरात लोक मैदानाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जातात, म्हणजे आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे. मुलांना हे स्थलांतर फार आवडतं. सामना संपल्यावर खेळाडू बाहेर येतात, बोलतात, सही करतात. त्यांना घाई नसते, कारण बाहेर त्यांची वाट बघत बस नसते, स्वतःची जुनी गाडी असते. क्लबाच्या मुलामुलींच्या संघांचीही चौकशी करा. मुलगी स्वतः खेळायला लागली की पाठीराखेपणाचा प्रश्न आपोआप सुटतो, मग तुम्हालाच तिच्या मागे पळावं लागतं.

मैदानावर आपली माणसं किती दिसतात हेही विचारलंय, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो. स्लाऊची जवळपास निम्मी वस्ती दक्षिण आशियाई मुळांची, पण मैदानावर ते प्रमाण दिसत नाही. गर्दी अजून बरीचशी गोऱ्या, वयस्क पुरुषांची आहे. वाढते आहे, पण हळूहळू. मला घरच्या मैदानावर कधी परकं वाटू दिलं नाही. बाहेरच्या एका मैदानावर एकदा घाणेरडे शब्द ऐकले. माझ्यासोबतच्या मंडळींनीच कार्यवाहाला बोलावलं आणि लेखी तक्रार केली. असं झालं तर गप्प बसू नका, वेळ, जागा आणि शब्द लिहून ठेवा आणि क्लबला सांगा. या खेळात आपण उपरे आहोत असं कुणी म्हणालं तर त्याला इलफर्डला पाठवा. ३१ जुलै १९४८ ला स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना झाला तो वेम्ब्लीवर नव्हे, पूर्व लंडनच्या इलफर्डमधल्या क्रिकलफील्ड या नॉन-लीग मैदानावर. तालिमेरेन आओ कप्तान, बरेचसे खेळाडू अनवाणी, समोर फ्रान्स. दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना २-१ नं गेला. मैदान अजून आहे. स्लाऊहून एलिझाबेथ लाइननं जा, मध्ये गाडी बदलून सेव्हन किंग्जला उतरा. कधी मोकळा शनिवार असला तर मुलीला घेऊन तिथला सामनाही बघून या.

राहिला व्हिसा. तीन वर्षांनी परत गेलात तर काय? मी स्वतः राहिलो, त्यामुळे मला हे सोपं आहे असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण मी उलट बाजूही बघितली आहे. शाहू स्टेडियमवर वाढलेली किती पोरं मुंबई, दुबई, मेलबर्नला गेली. शनिवार-रविवार आला की त्यांचा फोन येतो, 'काय झालं रे आज?' ती पाठीराखी राहिली नाहीत असं पेठेत कुणी म्हणत नाही. इथेही तसंच. बीकन्सफील्डच्या काळात बरोबर असलेला एक जण आता न्यूझीलंडला आहे. रात्री उठून निकाल बघतो आणि संघनिवडीवर सगळ्यात जास्त तोच बोलतो. आजन्म पाठीराखा होण्यासाठी आधी शपथ घ्यावी लागत नाही. तुम्ही तीन हंगाम उभे राहिलात, एक-दोन वेळा खाली घसरताना आणि एखाद्या वेळी वर चढताना बघितलंत, काही लोकांची नावं कळली, त्यांना तुमचं कळलं, की मग पुण्यात बसून शनिवारी रात्री साडेआठला हात मोबाइलकडे जातोच. हिवाळ्यात इथलं घड्याळ मागे गेलं की तीनचा सामना तुमच्याकडे साडेआठला सुरू होईल, उन्हाळी वेळेत साडेसातला. आणि तीन वर्षांत बरंच काम होतं. आर्बर पार्कसाठी भांडलेल्या लोकांतले काही जण ते उभं राहीपर्यंत गावात नव्हते, पण त्यांनी लिहिलेली पत्रं फायलीत होती.

तेव्हा सुरुवात अशी करा. हंगामाचं तिकीट लगेच घेऊ नका. आधी सलग चार घरचे सामने फाटकावर पैसे देऊन बघा, त्यातला एक तरी मंगळवार रात्रीचा असू द्या, कारण खरी ओळख तेव्हा होते. प्रीमियर लीगच्या एका तिकिटात इथले तीन-चार सामने होतात, मुलांचं तर फारच कमी पडतं. जागा एक धरा आणि दर वेळी तिथेच उभे राहा, म्हणजे शेजारी ओळखू लागतील. ऑक्टोबरनंतर थर्मल, लोकरीची टोपी आणि जाड तळव्याचे बूट. पाय आधी गारठतात. बिअर आवडत असेल तर हातात ग्लास घेऊन कुंपणाशी उभं राहता येतं. वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी पिण्यावर १९८५ पासून कायद्यानं बंदी आहे, सहावीवर नाही. चार सामन्यांनंतरही जावंसं वाटलं तर हंगामाचं तिकीट घ्या आणि त्याच दिवशी विचारा, 'मदतीला माणूस हवा आहे का?' एक गोष्ट लक्षात ठेवा: एफए कपच्या सामन्यांना हंगामाचं तिकीट सहसा चालत नाही, कारण त्या दिवशीचं फाटकाचं उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटलं जातं. सहाव्या पायरीवरचे क्लब सप्टेंबरमध्ये दुसऱ्या पात्रता फेरीपासून त्यात उतरतात. समोरचा संघ बहुधा तुम्ही नावही न ऐकलेला असेल. मुलीला त्या सामन्याला आणा, आणि वेगळे पैसे घेऊन या.